देवीची मागची वाट

देवीवर मी चिडले होते, आणि ती चीड घेऊनच टेकडी चढले, हे आधीच सांगते. देवाचे अनुभव लिहिणारी माणसं शांत मनानं निघालेली असतात, ओठांवर नाम असतं. माझ्या ओठांवर भांडण होतं. घरून निघताना मी ते मनात नीट मांडून ठेवलं होतं, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, जसं चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं मांडली तसं. वर पोचल्यावर ते त्याच क्रमानं बोलायचं ठरलं होतं.

यजमानांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. त्या वर्षात मला सगळ्यात जास्त राग आला तो 'सुटले' या शब्दाचा. तेराव्यापर्यंत येणारा प्रत्येक जण तो शब्द दारात चपलेसारखा काढून ठेवायचा आणि मग आत येऊन बसायचा. सुटले हो बिचारे. कशातून सुटले? सकाळच्या दुसऱ्या कपातून? माझ्याशी रोज होणाऱ्या खिडकी उघडी-बंदच्या वादातून? त्यांना कशातूनही सुटायचं नव्हतं. त्यांना अजून एक जिना चढायचा होता, आणि तो राहिला होता.

हे भूगोल शिकवायचे, हिंदी माध्यमाच्या शाळेत. जबलपूरला बाहेरची माणसं नर्मदा आणि संगमरवर बघायला येतात. यांचं म्हणणं, हे शहर बघायचं तर त्याच्या पायऱ्या चढाव्यात. आमच्याकडे काळ्या खडकाच्या टेकड्या शहराच्या मधोमध येऊन बसल्या आहेत आणि मोहल्ले त्यांच्या अंगावर चढत गेले आहेत. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला पायऱ्या, पाण्याच्या टाकीकडे जायला पायऱ्या, मदनमहालाकडे पायऱ्या, घाटावर उतरायला पायऱ्या. दर रविवारी सकाळी आम्ही एक जिना घ्यायचो. हे पुढे, मोजत. मी मागे, पिशवीत पाण्याची बाटली आणि वाचायला काहीतरी. वर पोचलं की हे एक वही काढायचे. तिच्यात रकाने आखलेले होते: जिना कुठून निघतो, कुठे पोचतो, पायऱ्या किती, आणि शेवटचा रकाना, पाणी कोणी दिलं. हा शेवटचा रकाना त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचा होता. आपलं पाणी बरोबर असलं तरी वाटेतल्या एखाद्या दारात मागायचंच, त्याशिवाय तो मोहल्ला बघितला असं ते धरत नसत. मला ते ओशाळवाणं वाटायचं. मी दोन पायऱ्या खाली थांबून पुस्तकात तोंड घालायची.

पायऱ्यांबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो मी शंभरदा तरी ऐकला होता. सरकारनं किंवा ट्रस्टनं बांधलेली पायरी उंच असते, कारण ती बांधणारा ती रोज चढत नाही. लोकांनी स्वतःसाठी रचलेली पायरी बुटकी असते, कारण त्यांच्या डोक्यावर पाण्याचा हंडा असतो. हे सांगताना ते प्रत्येक वेळी हात डोक्यावर नेऊन हंडा धरून दाखवायचे. मी म्हणायची, "कळलं हो, चला पुढे."

वहीत एकच ओळ रिकामी राहिली होती. शहरातल्या एका टेकडीवर देवीचं ठाणं आहे. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या बाजूनं मंदिराच्या समितीनं बांधलेला रुंद जिना आहे, कठडे आहेत, मध्ये विसाव्याला बाकं आहेत. तो आम्ही केला होता, दोनशे अकरा पायऱ्या, पाणी पुजाऱ्याच्या सुनेनं दिलं. पण टेकडीच्या मागच्या अंगाला एक वस्ती आहे आणि त्या वस्तीतूनही देवीपर्यंत पायऱ्या जातात. ती मागची वाट करायची ठरली त्याच महिन्यात यांना धाप लागायला लागली. मग तपासण्या झाल्या, मग ऑपरेशन.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर जिथे मला बसवलं होतं तिथल्या खिडकीतून ती टेकडी दिसत होती. मी नवस बोलणाऱ्यांतली नाही. नवस बोलणाऱ्या बायकांकडे मी चष्म्यावरून बघत आले. पण त्या दुपारी काचेला कपाळ टेकवून मी म्हणाले, यांना घरी येऊ दे, तुझ्या पायरीपायरीला माझ्या हातानं हळदकुंकू वाहीन.

हे घरी आले. रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराच्या तीन पायऱ्या चढले आणि सवयीनं म्हणालेसुद्धा, "तीन." त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. विसाव्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर आडवे झाले, ते उठले नाहीत.

म्हणजे देवीनं माझं अक्षरशः ऐकलं. मी घरी येऊ दे म्हणाले, तिनं येऊ दिलं. मी त्याच्या पुढचं मागितलं नव्हतं, कारण घरी आलेला माणूस घरी राहतो, असं मी गृहीत धरलं होतं. वर्षभर मी रात्रंदिवस ते एकोणीस दिवस मोजत होते. असं देणं म्हणजे काय देणं झालं? दुकानदारानं असं केलं असतं तर आपण त्याची पायरी पुन्हा चढलो नसतो. आणि इथे मीच दोनशे अकरा पायऱ्या चढून त्या देवीला हळदकुंकू वाहायचं होतं.

त्या एकोणीस दिवसांत मी यांना नवसाचं सांगितलं होतं. हसून हसून त्यांना ठसका लागला होता. "तू? नवस? आता कॉलेजात तोंड कसं दाखवशील?" मग म्हणाले, "आपण दोघं जाऊ. मागच्या वाटेनं जाऊ, म्हणजे वहीही पुरी होईल. कुंकू मात्र भरपूर घे हो." मला वाटलं, अजून थट्टाच चालू आहे.

वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्यानं जाऊबाई आल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. वाईट नाहीत. यांच्या आजारपणात रोज डबा पाठवला तो त्यांनीच. नवसाचं यांनीच त्यांना हसत हसत सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी पदर खोचून विषय काढला.

"अगं, तो नवस काहून असा लोंबकळत ठेवला? वर्ष झालं. देवीचं आहे ते, फेडावं लागते."

"फेडणार आहे," मी म्हटलं.

"तू कशी फेडशील?" त्या खरोखरच चकित झाल्या होत्या. "हळदकुंकू आहे ना त्यात. तू आता कशी वाहशील? मी वाहते तुझ्या नावानं. मंगळवारी जाऊन येते, मला काय, पुढच्या जिन्यानं बाकांवर बसत बसत जाईन."

"नवसात माझ्या हातानं असं म्हटलंय."

"म्हटलं तेव्हा तू सवाष्ण होती ना गं!"

मी उठून आत गेले. त्या बाहेरून म्हणत राहिल्या, "चिडून काय राहिली? मी भल्याचंच सांगून राहिली ना!" मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. म्हणजे देवीनं नवरा न्यायचा, आणि वर त्याच कारणानं माझा हातही बाद करायचा. चूक तिची आणि शिक्षा मला. नवस बोलताना चाललेला हात फेडताना का चालत नाही, हे मला कोणीतरी पुस्तकात दाखवावं, असं वाटलं. नुसतं सांगू नये, पान उघडून दाखवावं. त्याच क्षणी ठरलं की मीच जाणार, मागच्या वाटेनं जाणार, आणि देवीसमोर उभं राहून हे सगळं विचारणार.

कमानिया गेटजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात मी आमच्या लग्नापासून जाते. कुंकू मागितल्यावर मालकाची नजर माझ्या रिकाम्या कपाळावर गेली आणि मग तो फार अदबीनं म्हणाला, "बहू के लिए ना, माताजी?" मला सून नाही. मी म्हटलं, "मेरे लिए." त्यानं पुड्या बांधल्या आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकवल्या. किती घ्यायचं ते मी घरी ठरवून आले होते. पाटावर चिमटी चिमटीनं वाहून बघितलं होतं. एका पुडीत किती चिमट्या, दोनशे अकराला किती पुड्या, आणि सांडलवंडीला थोडं जास्त. टेकडी तीच, उंची तीच, पायऱ्याही तेवढ्याच धरल्या. ही माझी चूक. यांनी शंभरदा डोक्यावर हंडा धरून दाखवलेली गोष्ट मी विसरले होते.

मार्गशीर्षातल्या मंगळवारी सकाळी मी वस्तीच्या तोंडाशी उतरले. थंडी होती, चुलींचा धूर खाली बसला होता. पहिली पायरी म्हणजे एक आडवा टाकलेला खडक. त्यावर वाकून हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, सरळ व्हायचं, पुढची. विसाव्या पायरीपर्यंत माझा राग ताठ होता. चाळिसाव्याला कंबर बोलायला लागली.

आणि हळूहळू तो जिना मला दिसायला लागला. त्यात एकही पायरी दुसरीसारखी नव्हती. एक फुटक्या जात्याच्या तळीची होती. एक कुणाच्या जुन्या घराच्या उंबऱ्याची, तिच्यात बिजागराचं भोक तसंच होतं. पुढे चार पायऱ्या चार रंगांच्या फरशांच्या तुकड्यांच्या. कुठे ओल्या सिमेंटवर कोंबडीचे पाय उमटून वाळलेले. ज्याच्या दारासमोर जी पायरी आली ती त्यानं हाताला लागेल त्यातून केलेली होती. शहरात या वस्तीबद्दल बोलताना माणसं नाक मुरडून 'तो कब्जा', म्हणजे बळकावलेली जागा, असं म्हणतात. चिडलेल्या माणसाला चिडायला निमित्त पुरतं. मी वाकता वाकता त्या माणसांवरही चिडले. पुढच्या जिन्याला किती देणगीदारांच्या पाट्या आहेत, आणि इथे एकाही पायरीवर कुणाचं नाव नाही.

एक बकरी माझ्या मागे लागली. मी हळद लावायची आणि ती चाटून घ्यायची. मी तिला हाकललं, ती दोन पायऱ्या खाली जाऊन पुन्हा आली. वरून कोणीतरी खो खो हसलं.

"काए दीदी, पुताई कर रईं? ऊ बकरिया तो सब मिटा देहे!"

साठीच्या आसपासची एक बाई दारात बसून राखेनं भांडी घासत होती; मी पायऱ्या रंगवतेय असं तिला वाटलं होतं. तिनं उठून बकरीचं दावं ओढलं, खुंटीला बांधलं, आणि मी काय करतेय ते विचारलं. मी सांगितलं, नवस आहे. कुणासाठी, ते सांगितलं नाही. ती "हओ" म्हणाली, जसं काही रोज कोणीतरी इथे नवस फेडायला येतं, आणि घासत असलेला तांब्या विसळून त्यात पाणी आणलं. मी प्याले. पिताना जाणवलं की आज पुस्तकात तोंड घालायला मी खाली थांबलेली नाही.

तिचं नाव फूलबाई. मझौलीकडून लग्न होऊन या वस्तीत आली, तेव्हा इथे जिना नव्हता, नुसती घसरण होती. सासूबरोबर तिनं स्वतः दगड वाहिले. तिच्या दारासमोरच्या सहा पायऱ्या तिच्या. मी त्यांच्याकडे वळले तेव्हा ती म्हणाली, "रुको," आणि बादलीभर पाणी टाकून खराट्यानं त्या सहाही धुऊन काढल्या. "अब लगाओ." मी सहा पायऱ्यांना हळदकुंकू वाहिलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं कपाळ पुढे केलं.

"हमें भी लगा दो."

मी चिमटी उचलली आणि माझं लक्ष गेलं. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, भांगात सिंदूर नव्हता. माझा हात तिच्या कपाळापाशी जाऊन थांबला.

हे लिहायला मला वर्षभर वेळ लागला आहे. ज्या नियमापायी मी जाऊबाईंकडे पाठ फिरवली, दुकानदाराला तोडून बोलले, देवीला जाब विचारायला निघाले, तो नियम माझ्याच बोटांत बसलेला होता. तो मला कोणी शिकवावा लागला नाही. माझा हात हवेत तसाच होता आणि फूलबाई बघत होती. तिला कळलंच. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं, मग स्वतःच्या रिकाम्या मनगटांकडे, आणि म्हणाली,

"तुमाओ आदमी नईं, हमाओ नईं. तो? पथरा को लगा रईं, हम पथरा से गए-बीते हैं का?"

मी लावलं. कुंकू तिच्या नाकावर सांडलं. तिनं ते पुसलं नाही. "चलो," म्हणाली आणि पायांत चपला न घालताच माझ्याबरोबर निघाली. मी म्हटलं, तुमचं काम पडलंय. ती म्हणाली, भांडी कुठे पळतात?

आता ती पुढे जाऊन दारादारात ओरडायची, "अपनी-अपनी सीढ़ी धो डारो, दीदी आ रईं!" आणि खरोखर माणसं पायऱ्या धुवायला लागली. मी मोजत होते. एकशे ऐंशी. दोनशे. दोनशे अकरा झाल्या आणि मी वर बघितलं. मंदिर दिसत नव्हतं. जिना वळून वर, आणखी वर जात होता. दोनशे एकोणतिसाव्या पायरीवर मी शेवटची पुडी झटकली, कागद बोटांनी पुसून घेतला, आणि हळद, कुंकू दोन्ही संपलं.

मी तिथेच बसले. पायऱ्या बुटक्या होत्या, अर्थातच होत्या. माझ्या पायांना ते केव्हाचं कळत होतं. शंभरदा ऐकलेलं ते वाक्य आत्ता माझ्या कानात स्पष्ट वाजलं, आणि त्याच्यामागे दुसरंही, जे मी थट्टा समजले होते: कुंकू मात्र भरपूर घे हो. त्यांना माहीत होतं. मागची वाट म्हटल्याबरोबर त्यांच्या डोक्यात आकडा आला असणार. वर्षभर मी रडले नव्हते असं नाही, पण ते रडणं चार माणसांतलं होतं. त्या पायरीवर बसून मी जी रडले ती रागानं रडले. मी देवीला म्हणाले, मोठ्यानं, मराठीत, की हेही तुला बघवलं नाही? अर्धा नवरा दिलास, आता अर्धा नवस घे. तुझ्याकडे काहीच पुरं मिळत नाही का?

फूलबाईला मराठी येत नाही. तिनं फक्त माझ्या हातातले रिकामे कागद बघितले आणि वरच्या बाजूला तोंड करून हाक दिली, "काए री, बंदन लाओ! दीदी को खतम हो गओ!"

बंदन म्हणजे इथल्या घरांत देवीला आणि हनुमानाला वाहतात तो शेंदरी रंग. आमच्या घरात तो नसतो, त्यांच्या घरात कुंकू नसतं. मी म्हणायला गेले की नवस हळदकुंकवाचा आहे, बंदनाचा नाही. पण तोवर एक तरुण बाई वाटीतून बंदन घेऊन उतरली होती, दुसरी कढईत घालायची हळद डब्यासकट घेऊन आली होती, तिसरी कडेवरच्या मुलीला घेऊन नुसतीच आली होती. एका म्हातारीनं दारातूनच हाक मारली की तिच्या पायरीला ती स्वतः लावणार, कोणी हात लावायचा नाही, ती पायरी तिच्या दिरानं बसवली आहे. मी उठायला गेले तर गुडघा वाकेना. फूलबाईनं मला दंडाला धरून उभं केलं. मी वाकू शकत नव्हते. माझ्या हातानं, असं मी देवीला म्हटलं होतं, आणि जाऊबाईंना तेच ऐकवलं होतं. मी तिथे उभी होते, माझ्यासमोर पाच-सहा बायका आपापल्या पायऱ्यांवर वाकल्या होत्या, आणि त्यांना थांबवण्याचा मला काय अधिकार होता? मी वाटीत बोट बुडवायची, शेजारची बाई माझं बोट धरून वाकायची, आणि आमची दोघींची बोटं मिळून ठिपका उमटायचा. काही पायऱ्यांना तेवढंही झालं नाही. त्या पुढे निघून गेल्या, मी मागून चढत राहिले, आणि माझ्या पायांखालच्या पायऱ्या आधीच शेंदरी झालेल्या होत्या. कुठेतरी तिथे माझी मोजणी सुटली. केव्हा सुटली तेही सांगता येणार नाही. कोणीतरी विचारत होतं की तुमचे ते काय करायचे, आणि मी सांगत होते की ते पायऱ्या मोजायचे. यावर सगळ्या बायका अशा हसल्या की मलाही हसू आलं.

शेवटी मंदिराच्या आवारात शिरताना दहा-बारा पायऱ्या समितीच्या आहेत. काळ्या, चकचकीत, उंच. तिथे समितीचा एक भैया पोछा घेऊन उभा होता. आमची मिरवणूक बघून त्यानं हात आडवा केला.

"यहाँ नहीं, यहाँ नहीं! बोर्ड पढ़ो। पत्थर पे दाग पड़ जाता है।"

फूलबाईनं कमरेवर हात ठेवले. "काए भैया, माता की सीढ़ी पे माता को रंग नईं चढ़हे? तुमाए पत्थर के लाने माता आईं हैं, के माता के लाने पत्थर?"

"अम्मा, मेरी ड्यूटी है। मुझे पोंछना पड़ेगा।"

"सो पोंछो! तुमाओ काम पोंछबो, हमाओ काम लगाबो. कौनऊ झगड़ा नईं."

तो बाजूला झाला. आम्ही लावत वर गेलो आणि तो मागून पुसत आला. लावलेला ठिपका पुढच्या क्षणी नाहीसा. सकाळची मी असते तर त्या माणसाच्या हातातला पोछा हिसकावला असता. मी शेवटच्या पायरीवर उभी राहून मागे बघितलं. काळ्या पायऱ्या ओल्या आणि कोऱ्या होत्या, आणि त्यांच्या खाली वळणापर्यंत आमचा शेंदरी जिना. पुसलं म्हणून वाहिलं नव्हतं, असं होत नाही. हे मला तिथे कळलं. एकोणीस दिवस होते. ते त्यांनी सकाळच्या उन्हात बसून, वहीत जुन्या ओळी वाचून दाखवत, माझी थट्टा करत काढले होते. मी मागितले नसते तर तेवढेही मिळाले असते की नाही, मला माहीत नाही. ते पुसले गेले म्हणून मिळालेच नव्हते, असं मी वर्षभर म्हणत होते.

गाभाऱ्यात देवीच्या अंगावर बंदनाचे इतके थर आहेत की नाक-डोळे कळत नाहीत. मी क्रमानं मांडून आणलेलं भांडण काढायला गेले. पहिला मुद्दा आठवला, पण तो बोलावा असं वाटलं नाही. मी एवढंच म्हणाले, "आले हो." मग फूलबाईनं देवीच्या पायांवरचं बंदन बोटावर घेतलं आणि मला काही न विचारता माझ्या कपाळावर लावलं.

देवीनं फूलबाईला पाठवलं, असं मी म्हणणार नाही. फूलबाई चाळीस वर्षं तिथेच भांडी घासत बसली होती. मी मात्र तिथे आयुष्यात पहिल्यांदाच गेले होते, आणि कशामुळे गेले, याचा विचार करते तेव्हा उगीच वाद घालावासा वाटत नाही. माझा राग सगळा गेला असंही नाही. 'सुटले' म्हणणाऱ्यांवर तो अजून आहे आणि राहू दे. पण हट्टानं मूठ घट्ट धरून चढले होते, ती मूठ अर्ध्या वाटेत रिकामी झाली, आणि मगच कोणाला तरी माझा हात धरता आला.

घरी आले तेव्हा जाऊबाई ओसरीवर बसून होत्या. शेजारच्यांनी सांगितलं होतं, मी सकाळी पुड्या घेऊन निघाले म्हणून. त्या काही बोलायला उठल्या आणि माझ्या कपाळावरचा शेंदरी टिळा बघून थांबल्या. मी सांगितलं, माझं कुंकू संपलं होतं, तिथल्या बायकांनी दिलं.

"किती होत्या गं पायऱ्या?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे न बघता आत जात म्हणाल्या, "बस तू. गुडघ्याला तेल गरम करून आणते."

मी वही काढली. यांच्या अक्षरात ओळ आखलेली होती, मागची वाट, आणि पुढचे रकाने कोरे. कुठून निघतो ते लिहिलं, कुठे पोचतो ते लिहिलं. पायऱ्या किती, तिथे पेन थांबलं. दोनशे एकोणतीसपर्यंतचा आकडा माझा होता, त्याच्यापुढचा कोणाचा म्हणून लिहू? मी लिहिलं, मोजल्या नाहीत. शेवटच्या रकान्यात पाणी कोणी दिलं ते लिहायला लागले. फूलबाईपासून सुरुवात केली, मग बंदन देणारी, हळद देणारी, बोट धरणारी, आणि त्या रकान्यात नावं मावेनात म्हणून पान उलटलं.